स्वमग्नता : प्रौढांमधील निदान
प्रौढ वयातील स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. ते व्यक्तीचा विकासक्रम बालपणापासून जुळवून पाहण्याचे काम आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार सामाजिक संवादातील अडचणी आणि पुनरावर्ती वर्तन वा मर्यादित आवडी या दोन्ही गोष्टी लहानपणापासून असाव्या लागतात. म्हणून तज्ज्ञ आईवडील किंवा भावंडांशी बोलतात, शाळेची प्रगतिपुस्तके पाहतात. एडॉस-२ या चाचणीच्या प्रौढांसाठीच्या भागात चित्रांच्या पुस्तकावरून गोष्ट सांगायला लावतात, मैत्री आणि एकटेपणाविषयी विचारतात. उत्तराइतकेच नजर, हावभाव आणि बोलण्याची लय यांकडे लक्ष असते.

‘शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला स्वमग्नता कशी असेल?’ हा आक्षेप टिकत नाही. शिकून घेतलेल्या युक्त्यांनी लक्षणे झाकली जाऊ शकतात, हे डीएसएम-५ नेच मान्य केले आहे. विशेषतः स्त्रियांचे निदान यामुळे अनेकदा उशिरा होते. प्रश्नावली पुरेशी आहे, हा दुसरा समजही चुकीचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्यू ही ५० विधानांची प्रश्नावली केवळ चाळणी आहे. चिंताविकार किंवा अवधान-अस्थिरता असणाऱ्यांचेही गुण तीत वाढू शकतात. निदानाने स्वमग्नता जात नाही, मग ते कशाला, असेही विचारले जाते. परंतु आयुष्यभर स्वतःचा दोष मानलेल्या गोष्टींचे खरे कारण त्यातून कळते, कामाच्या ठिकाणी योग्य सोयी मागता येतात. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश असल्याने अशा मागणीला कायद्याचाही आधार आहे.