मायक्रोकरंट आणि चेहऱ्याचे स्नायू

चेहऱ्यावर फिरवायच्या मायक्रोकरंट यंत्रामागचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: वयाबरोबर चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात. दंडाला जसा व्यायाम, तसा त्यांना सौम्य विजेचा व्यायाम दिला की गाल वर उचलले जातात आणि जबड्याची रेषा रेखीव होते. अमेरिकेतून आलेला हा विचार आता पुण्या-मुंबईतल्या ब्यूटी पार्लरमध्येही शास्त्र म्हणून सांगितला जातो. मला तो मान्य नाही.

आधी विजेचं पाहू. स्नायू आखडायचा तर त्याच्या मज्जातंतूपर्यंत किमान एका ताकदीचा प्रवाह पोचावा लागतो. फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचा ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. चेहऱ्याची संवेदना हरपलेल्या एका वृद्धाच्या गालांवर विजेनं उमटवलेलं हसू त्यात स्पष्ट दिसतं, कारण तिथे स्नायू खरोखर ओढला जात होता. घरगुती यंत्राचा प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत, काहीशे मायक्रोअँपिअर असतो. पुष्कळ जणींना तो जाणवतही नाही. स्नायू आखडतच नसेल, तर त्याला व्यायाम झाला असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

यावर 2012 च्या एका चाचणीचा दाखला देता येईल. 108 स्त्रिया, 12 आठवडे, आणि सोनोग्राफीत गालाच्या स्नायूची जाडी वाढलेली. ही चाचणी मी नाकारत नाही. पण तिच्यातलं यंत्र स्नायू आखडवणाऱ्या, बऱ्याच जास्त प्रवाहाचं होतं. त्याचं श्रेय मायक्रोकरंटला देता येत नाही.

दुसरा दाखला 1982 च्या संशोधनाचा. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचं प्रमाण सूक्ष्म प्रवाहानं कित्येक पटींनी वाढलं, हे खरं आहे. मात्र ते वाढलं उंदराच्या कापून काढलेल्या त्वचेत. त्या प्रयोगात जिवंत चेहरा नव्हता, सुरकुती नव्हती, मोजलेला स्नायूही नव्हता. कापलेल्या त्वचेतल्या एटीपीपासून पंचेचाळिशीतल्या बाईच्या उचललेल्या गालापर्यंत जाणाऱ्या तर्कात मधल्या सगळ्याच पायऱ्या गाळलेल्या आहेत.

माझा खरा आक्षेप याहून मूळचा आहे. दंडाचा स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातो. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू त्वचेतच जाऊन रुततात. म्हणूनच ते आखडले की त्वचेला घडी पडते, आणि वर्षानुवर्षं पडलेल्या घड्यांच्या कपाळावर आठ्या होतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला अमेरिकेच्या एफडीएनं 2002 मध्ये परवानगी दिली. ते औषध स्नायूला बळ देत नाही, त्याला शिथिल करतं, आणि आठ्या पुसट होतात. कपाळाचे स्नायू कमावले की आठ्या जातात असं म्हणणाऱ्यानं या वस्तुस्थितीचं उत्तर द्यायला हवं. गाल उतरतात त्यामागे तर चरबीचे कप्पे विरणं-सरकणं, वरच्या जबड्याचं हाड झिजणं, कोलॅजन घटणं आणि ऊन ही मोठी कारणं आहेत. त्यांतल्या एकावरही हे यंत्र काम करतं असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

‘एफडीएनं मान्य केलेलं’ या शब्दांनीही पुष्कळ जणी आश्वस्त होतात. अशा यंत्रांना सहसा मिळते ती परवानगी, बाजारात आधीच असलेल्या यंत्राशी पुरेसं साम्य दाखवल्यावर मिळणारी. तिच्यावरून जाहिरातीतल्या आधीच्या-नंतरच्या फोटोंना दुजोरा मिळत नाही.

वापरल्यावर चेहरा तजेलदार दिसतो, हा अनुभव मात्र खोटा नाही. जेलचा ओलावा आणि वरच्या दिशेनं होणारा मसाज यांनी एवढं होऊ शकतं, असं मला वाटतं. पण त्यासाठी हजारो रुपये कशाला? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 900 हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं वार्धक्य मोजण्याइतकं वाढलंच नाही. भर उन्हात दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना हे कुणीतरी आग्रहानं सांगायला हवं.

शिवाय पेसमेकर असलेल्यांनी, अपस्माराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी ही यंत्रं वापरू नयेत, असं त्यांच्या माहितीपत्रकातच सहसा छापलेलं असतं. वाढदिवसाची भेट म्हणून आईला असं यंत्र देणाऱ्या मुलीनं ते पान खरेदीआधी वाचावं.