कॉटन शाळेचा एक विद्यार्थी

१८६५ साली स्थापन झालेल्या बेंगळूरच्या बिशप कॉटन शाळेचे माजी विद्यार्थी म्हटले की जनरल थिमय्यांचे नाव प्रथम ओठी येते. त्यांच्याही आधी त्या शाळेच्या बाकावर बसलेल्या विल्यम लीफ रॉबिन्सनचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

कोडगूतील पोल्लिबेट्टा येथील कॉफीच्या मळ्यात १४ जुलै १८९५ रोजी त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो धाकटा. कॉटन शाळा व ऑक्सफर्डचे ड्रॅगन स्कूल येथे शिकून १९०९ साली तो थोरला भाऊ हॅरल्ड याच्यापाठोपाठ इंग्लंडमधील सेंट बीज शाळेत गेला. महायुद्ध पेटले तेव्हा तो सँडहर्स्टला दाखल झाला व डिसेंबर १९१४ मध्ये वूस्टरशर पलटणीत अधिकारी झाला. पुढे विमानदलात टेहळणीचे काम करताना त्याच्या हाताला जखम झाली. बरा झाल्यावर तो स्वतःच विमान चालवण्यास शिकला.

१९१५ पासून जर्मनांची प्रचंड हवाई जहाजे रात्री इंग्लंडवर बाँब टाकीत होती. ती इतक्या उंचावरून येत की तेवढे वर चढायलाच त्या काळच्या विमानाला पाऊण-एक तास लागे. साध्या गोळ्या त्यांच्या वायूच्या पिशव्यांतून आरपार जात, पण वायू पेट घेत नसे. म्हणून स्फोटक आणि आग लावणाऱ्या गोळ्या मुद्दाम तयार करण्यात आल्या.

२ सप्टेंबर १९१६ च्या रात्री सोळा हवाई जहाजे इंग्लंडकडे निघाली. रॉबिन्सनने अकराच्या सुमारास सटन्स फार्मवरून उड्डाण केले. एक जहाज त्याला दिसले आणि ढगांत हरवले. तो परत फिरला नाही. उघड्या विमानात, थंडीत, अंधारात, सरत्या इंधनावर तो फिरत राहिला. पहाटे दोनच्या सुमारास ‘एसएल ११’ हे जहाज त्याला गाठता आले. मशीनगनच्या गोळ्यांच्या दोन चकत्या त्याने रिकाम्या केल्या. काहीच झाले नाही. तिसरी चकती त्याने जवळ जाऊन शेपटाकडील एकाच जागी रोखून झाडली आणि आकाश उजळून निघाले. कफ्ली गावात जहाज कोसळले. ब्रिटनच्या भूमीवर पाडलेले हे पहिलेच हवाई जहाज. लाकडी सांगाड्याचे ते जहाज झेपेलिन नव्हतेच. लोकांच्या तोंडी मात्र ते झेपेलिनच राहिले.

तीनच दिवसांत व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. बक्षिसाच्या रूपाने ३,५०० पौंडही मिळाले. लंडन रस्त्यावर येऊन आनंदाने ओरडत होते, हे खरे. त्या ज्वाळांत जहाजावरचे सोळाही जण जळाले, हेही तितकेच खरे. रॉबिन्सनच्या शौर्याचे खरे मोल त्या शेवटच्या क्षणापेक्षा आधीच्या तीन तासांच्या एकाकी चिकाटीत आहे.

त्याच वर्षी हॅरल्ड मेसोपोटेमियाच्या आघाडीवर पडला. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, तीच ही आघाडी. कोकणातील आणि देशावरील किती घरांत तेव्हा पत्राची वाट पाहिली गेली असेल! त्या शिपायांसाठी लंडनच्या रस्त्यावर कोणी आले नाही.

एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्सला गेलेल्या रॉबिन्सनच्या तुकडीची पहिल्याच गस्तीत रिख्टहोफेनच्या विमानांशी गाठ पडली. सहांपैकी चार विमाने पडली आणि तो कैद झाला. सुटकेचे प्रयत्न वारंवार फसले, एकांतकोठडी वाट्याला आली आणि होल्त्समिंडनच्या छावणीत प्रकृती ढासळली. डिसेंबर १९१८ मध्ये तो इंग्लंडला परतला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेणाऱ्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने ३१ डिसेंबरला त्यालाही नेले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

त्याची समाधी हॅरो वील्ड येथे आहे. जहाजावरील सोळा जर्मनांना प्रथम पॉटर्स बार येथे पुरले होते. पुढे साठच्या दशकात त्यांचे अवशेष कॅनक चेसच्या जर्मन दफनभूमीत नेण्यात आले.