शाळेच्या दारांतील ढोल

होळी जवळ आली कीं लोणखेड्याच्या उत्तरेस सातपुड्यांत ढोल वाजूं लागतात. भोंगऱ्याचे बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवीं उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटवितात, आणि मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेस घुंगरें व वाळलेले भोपळे बांधलेले पुरुष रात्रभर नाचतात. त्यांचींच मुलें शाळेच्या स्नेहसंमेलनांत सिनेमाच्या गाण्यांवर नाचतांना आम्हीं पाहिलीं आहेत. एका मुलास आम्हीं विचारलें, "तुझा ढोल कोठें आहे?" तो लाजून म्हणाला, "फादर, तो घरचा." या उत्तरानें आम्हांस आपल्या शाळांचा इतिहास पुनः चाळावयास लाविलें.

गोव्यांतील पॅरिश शाळांचे उपकार मोठे आहेत. पोर्तुगीज अमदानींत तेथें मेस्त्री मुलांस स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकवीत. मेस्त्रीच्याच घरीं वाढलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईंत राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले. परंतु त्याच गोव्यांत १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्रानें लग्नांतील ओव्यांस मनाई केली होती. ज्या ओवीछंदांतील फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, तीच ओवी सव्वाशें वर्षें होण्यापूर्वींच गुन्हा ठरली! परकें संगीत शिकविलें यांत दोष नव्हता. घरचें बंद केलें, यांत होता. आम्ही स्वतः सेमिनरींत लॅटिन गायन शिकलों व तें अद्याप आवडीनें गातों. ढोलाचा एक ठेका मात्र आम्हांस तेथें कोणीं शिकविला नाहीं.

पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयीं जें विधान प्रसिद्ध केलें, त्याच्या ११९ व्या कलमांत मिशनप्रदेशांतील लोकांच्या संगीतास योग्य मान द्यावा, व मिशनऱ्यांस तें शाळांत आणि उपासनेंत वाढवितां यावें असें शिक्षण द्यावें, असें सांगितलें आहे. 'शाळांत' हा शब्द तेथें स्पष्ट आहे. आमच्या वाचनांतून तो बहुधा निसटतो. त्यापूर्वींच फादर जॉर्ज प्रॉक्श हे परदेशांतून आलेले मिशनरी भारतीय संगीत व नृत्य यांचे शिष्य झाले होते. अंधेरीचा ज्ञान आश्रम हें त्यांचें कार्य होय. ख्रिस्तसभेबाहेर पाहिलें, तर किरण सेठ यांनीं १९७७ पासून 'स्पिक मॅके'च्या द्वारें थोर कलावंत शाळांत नेले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही स्थानिक कलावंतांस शिक्षकाचें स्थान देऊं केलें आहे.

येथें एक सावधगिरी हवी. काठीचे नाचणारे होळीपूर्वीं कित्येक दिवस व्रत पाळतात. त्यांचा वेष उसना आणून शाळेनें त्याचें सोंग करूं नये. ठेका, पदन्यास, फेर धरण्याची रीत हें शिकावें. आणि तें एका दिवसांत येत नाहीं, शेजाऱ्याच्या पावलास पाऊल लावून येतें. शिकविणाऱ्यास हार-नारळ नव्हे, शिक्षकाचें मानधन द्यावें. भिल्ल व पावरा मुलांनीं व्हायोलिन शिकावें, गुजर पाटलांच्या मुलांनीं ढोल शिकावा. कोणाचेंच संगीत दुसऱ्याच्या मुलांस वर्ज्य नाहीं.

त्या मुलाच्या वडिलांस आम्हीं निरोप धाडिला. त्यांनीं उलट पुसलें, ढोल अंगणांत वाजवावयाचा कीं वर्गांत आणावयाचा? वर्गांत, असें आम्हीं कळविलें आहे.