कथिलाच्या खाणींकडून पर्यटनाकडे : इपोह शहराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : मलेशियातील पेराक राज्याच्या किंता खोऱ्यात १८८० नंतर कथिलाच्या खाणकामास वेग आला आणि त्यातून इपोह शहर भरभराटीस आले.

विवेचन : खाणींसाठी दक्षिण चीनमधून हजारो मजूर आले. अनेक स्त्रिया ओढ्यात उभ्या राहून लाकडी परातीत वाळू धूत व कथील वेचीत. ऑक्टोबर १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचा निधी संपला, भाव कोसळले आणि खाणी बंद पडत गेल्या. कामाच्या शोधात तरुणांनी शहर सोडले. नव्या बांधकामास मागणी न उरल्याने जुन्या पेठेतील बऱ्याच इमारती टिकल्या. त्यांवरच पुढे पर्यटन उभे राहिले. हाक्का खाणमालकांनी १८९३ मध्ये स्थापन केलेल्या 'हान चिन पेट सू' या क्लबच्या वास्तूत २०१५ मध्ये संग्रहालय सुरू झाले. तांजुंग तुआलांग येथील १९३८ चे तरंगते खाणयंत्र १९८२ मध्ये थांबले. तेही पर्यटनस्थळ झाले.

निष्कर्ष : मंदीने वाचविलेल्या वास्तू पर्यटनाने जोपासल्या. मात्र मालकांचा क्लब व यंत्र यांना जागा मिळाली, तशी जागा ओढ्यातील स्त्रियांच्या श्रमाला मिळणे कठीण असते. कारण त्या श्रमाची वास्तू नसते. म्हणून इपोहच्या इतिहासलेखनात त्याची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक ठरते.