टेप नंबर सतरा

माणसाला कोणत्या वयात कशाचा नाद लागेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरना निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बासरीचा नाद लागला आणि शाखेतल्या निम्म्या लोकांनी बदलीचे अर्ज केले. मला २००७ साली दूरदर्शनचे जुने कार्यक्रम डीव्हीडीवर उतरवण्याचा नाद लागला. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं होतं. म्हणजे खरं तर मला दुसरा कुठलाही नाद लागायला सवड असण्याचं कारण नव्हतं. सौ. आजही ते बोलून दाखवते.

पण त्याला कारण होतं. आमच्या पवईच्या घरात गोदरेजच्या कपाटावर चौसष्ट व्हिडिओ कॅसेट होत्या. हीच आमची वडिलोपार्जित इस्टेट. मस्कतच्या मामांनी सुटीला येताना व्हीसीआर आणला होता आणि बाबांनी त्याचा उपयोग सिनेमे बघण्याऐवजी टीव्हीवरचे कार्यक्रम साठवण्याकडे केला. बाबांची पद्धत कडक होती. कार्यक्रम सुरू झाला की ते मशिनीसमोर मांडी घालून बसत. जाहिरात लागली की पॉजचं बटण दाबायचं, संपली की सोडायचं. त्यामुळे बाबांनी स्वतः एकही कार्यक्रम धड पाहिला नाही. ते फक्त जाहिराती येण्याची वाट पाहत. जोडीला एक लांबडी वही होती : टेप नंबर, तारीख, कार्यक्रम, काउंटरचा आकडा, शेरा. मी बी.कॉम. झालो; पण खतावणी म्हणजे काय, हे मला कॉलेजपेक्षा त्या वहीने जास्त शिकवलं.

२००४ साली बाबा गेले. कॅसेटी कपाटावर राहिल्या. पवईची दमट हवा तुम्हाला ठाऊक असेल. इंग्रजांनी १८९१ च्या सुमारास मुंबईकरांना पाणी पाजायला इथे तलाव बांधला आणि ते पाणी पिण्यालायकच निघालं नाही. मात्र तलावाचा ओलावा आम्हाला फुकट मिळतो. तीन पावसाळ्यांत कॅसेटींच्या फितीवर लोणच्यावर धरते तशी पांढरी बुरशी धरायला लागली. आता काहीतरी करायला हवं होतं.

हे 'काहीतरी' करायची वेळ जगात पुष्कळांवर आली होती, हे मला पुढे कळलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून कार्यक्रम निघायचा आणि ज्याच्या गच्चीवर अँटेना असेल, त्याच्या घरी यायचा. शेजारच्या पंचवीस जणांना घेऊन तो पाहिला, की संपला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घरात आले, तेव्हाही हाच नियम होता. पाहिलं ते पाहिलं, चुकलं ते चुकलं. लग्नाची पंगत आणि टीव्हीचा कार्यक्रम, दोन्ही उशिरा येणाऱ्याची वाट बघत नसत.

तुम्ही म्हणाल, पण दूरदर्शनकडे टेप असणारच की! इथेच तर गंमत आहे. चित्रं टेपवर साठवण्याचं व्यवहारी यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ साली दाखवलं. टेपची मोठी सोय म्हणजे ती पुसून पुन्हा वापरता येते, आणि मोठा धोकाही तोच. टेप महाग, कपाटं लहान आणि साहेब काटकसरी, असा योग जुळला की काय होतं, ते बँकेत नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या कार्यक्रमांच्या जागी टेपांवर दुसरे कार्यक्रम बसले. बीबीसीने आपल्या 'डॉक्टर हू' मालिकेच्या साठच्या दशकातल्या टेपा पुसल्या, त्यातले नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत. एवढंच काय, माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, त्या थेट चित्राच्या मूळ टेपाही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाने २००९ साली जाहीर केलं. चंद्रावर जाऊन आलेल्यांची ही गत, तिथे आपल्या गुंड्याभाऊंची काय कथा!

मग वाचलं ते कसं? तर घरोघरच्या नादिष्टांमुळे. 'डॉक्टर हू'चे जे भाग बेपत्ता आहेत, त्या सगळ्यांचा आवाज मात्र आज शाबूत आहे. कारण त्या काळी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. घरांत त्यांच्या आया 'कशाला तो पसारा?' म्हणून नक्की ओरडल्या असणार.

पुढे १९७५ साली सोनीचं बीटामॅक्स आलं, १९७६ साली जेव्हीसीचं व्हीएचएस आलं आणि या नादिष्टांच्या हाती खरं शस्त्र पडलं. सिनेमा कंपन्या कोर्टात गेल्या. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून सवडीने पाहणं हा गुन्हा नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये दिला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी. म्हणजे एका न्यायमूर्तींचं मत फिरलं असतं, तर आमचे बाबा तात्त्विकदृष्ट्या आरोपी ठरले असते. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी तर १९७९ पासून २०१२ साली वारेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेप केल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटी! हा आकडा मी सौ.ला मुद्दाम ऐकवला. ती म्हणाली, "त्यांच्या घरी जागा असेल."

तर आपल्याकडे १९८२ च्या एशियाडने टीव्ही रंगीत झाला आणि २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. बाबा बटणावर बोट ठेवून बसले. वहीत दर रविवारची नोंद आहे. त्यातल्या सतरा नंबरच्या टेपचा शेरा असा : "रामायण. अर्धवट पाहिलं. जाहिराती काढल्या नाहीत. कन्यारत्न. वजन सहा पौंड."

झालं होतं असं, की रामायण ऐन रंगात असताना आईला कळा सुरू झाल्या. बाबा टॅक्सी शोधायला धावले. तेव्हाच्या पवईत टॅक्सी मिळणं म्हणजे लक्ष्मणाला संजीवनी मिळण्यापैकीच. या गडबडीत मशीन चालूच राहिली. तीन तासांची कॅसेट होती, ती तीन तास टीव्हीवर जे येईल ते निमूटपणे टिपत राहिली आणि संपल्यावर आपली आपण थांबली.

आता २००७ कडे येतो. डीव्हीडी १९९६ साली जपानात बाजारात आली होती आणि आमच्यापर्यंत येईतो कोरी तबकडी वडापावच्या किमतीच्या आसपास उतरली होती. व्हीसीआरची वायर संगणकाला जोडून चित्र आत घ्यायचं, हा पहिला भाग. खरा प्रश्न पुढचा. आत घेतलेलं चित्र तबकडीवर अशा रीतीने मांडायचं, की कुणाच्याही घरच्या प्लेअरवर चालावं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं, आणि ते निवडण्यात आमचे तीन महिने गेले. बायको निवडायला पंधरवडा लागला होता. (हेही सौ. बोलून दाखवते.)

पहिलं सॉफ्टवेअर भलतंच हौशी होतं. त्यात सुरुवातीचा मेनू तयार करायला बदाम, फुगे आणि सरकते पडदे होते. अशोकवनातल्या सीतेच्या मागे गुलाबी बदाम तरंगताना पाहून आई देवघरात निघून गेली. शिवाय ते आत घेतलेलं चित्र स्वतःच्या मर्जीने पुन्हा शिजवायचं. चांगल्या शिजलेल्या भाताची दर खेपेला पेज होते, तसं प्रत्येक खेपेला चित्र विरघळायचं.

सौ.चा धाकटा भाऊ तेव्हा आयआयटीत होता. तलावाच्या काठाने चालत यायचा आणि चारदा चहा प्यायचा. तो म्हणाला, "भाऊजी, सॉफ्टवेअर म्हणजे तुमच्या बँकेतला क्लार्क समजा. त्याने व्हाउचरवरची रक्कम बदलायची नसते. फक्त लावून ठेवायचं आणि सूची करायची."

हे मला एकदम पटलं. मग त्याने तबकडीचं पोट उघडून दाखवलं. आत 'व्हीओबी' नावाचे तुकडे, एकेक जास्तीत जास्त एक जीबीचा. ही आमची व्हाउचरं. 'आयएफओ' म्हणजे सूची. कुठला भाग कुठे सुरू होतो, ते त्यात. आणि 'बीयूपी' म्हणजे त्या सूचीची कार्बन कॉपी. शिवाय 'ऑडिओ-टीएस' नावाचा एक कायम रिकामा कप्पा. आमच्या शाखेतही एक केबिन अशीच आहे. एकच गोष्ट खटकली. तबकडीवर ४.७ जीबी छापलेलं, संगणक दाखवी ४.३८. मी कॅशमध्ये तूट आल्यासारखा घामाघूम झालो. मेहुणा हसला. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक एक हजार चोवीसने, एवढाच फरक.

शेवटी आम्ही डीव्हीडीऑथर नावाचा फुकट प्रोग्रॅम आणि त्यावर बसवलेलं डीव्हीडीस्टायलर निवडलं. मूळ चित्र योग्य साच्यात असेल, तर ते न शिजवता लावून देणारं. एका तबकडीत तास-दोन तास चित्र चांगलं बसतं. कॅसेट तीन तासांची. मग मी अक्कल चालवली : उरल्यासुरल्या जाहिराती, निवेदिका, 'व्यत्यया'च्या पाट्या, सगळं कापून टाकलं. बाबांचंच धोरण! चौसष्ट कॅसेटींच्या तबकड्या झाल्या, वर मार्करने नंबर घातले आणि कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. बँकेत जुनी व्हाउचरं नष्ट करायची तर वरिष्ठांच्या सह्या लागतात. घरात कुणाचीही सही लागली नाही.

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. बहिणीचा फोन आला. "दादा, माझं रामायण लाव ना. मी जन्मले त्या दिवशीचं." मी ऐटीत सतरा नंबरची तबकडी काढली. प्लेअरने ती गरगर फिरवली आणि परत बाहेर ढकलली. दुसरी घातली, तीच तऱ्हा. चौसष्टांतल्या एकवीस तबकड्या तेरा वर्षांत आंधळ्या झाल्या होत्या. ज्या रंगाच्या थरावर लेसरने लिहितात, तो थरच उष्णतेने आणि दमट हवेने विटतो, हे ज्ञान मला नेहमीप्रमाणे उशिरा झालं.

आणि तबकडी चालली असती तरी तीत काय होतं? रामायण. ते तर त्याच वेळी अख्खा देश पाहत होता. जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं जे त्या कॅसेटमध्ये होतं, ते मी माझ्या हाताने कापलं होतं. टेपा पुसणाऱ्या साहेबांना मी इतकी वर्षं नावं ठेवली. माझी केबिन तेवढी लहान होती.

आई ऐकत होती. उठली, आपलं कपाट उघडलं आणि पैठणीच्या घडीखालून एक कॅसेट काढली. सतरा नंबर.

"भंगारवाल्याला मी त्रेसष्टच दिल्या," ती म्हणाली. "हिच्या जन्माचा दाखला तो. दाखला कुणी रद्दीत घालतं?"

शेवटचा व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली बनवला आणि उत्पादन बंद केलं. टाळेबंदी उठल्यावर मी चोरबाजारातून जुना मिळवला, तो पहिल्या व्हीसीआरच्या दुप्पट जड होता. मेहुणा आता अमेरिकेत असतो, त्याने फोनवरून विचारलं, "भाऊजी, सॉफ्टवेअर कुठलं वापरू या?" म्हटलं, "कुठलंही. फक्त काही कापू नकोस. आणि प्रती तीन कर, तीन घरी ठेवायला."

एका रविवारी आम्ही सगळे ती टेप पाहायला बसलो. रामायण संपलं. मग साबण, चहा, दंतमंजन, बातम्या, 'व्यत्यया'ची पाटी. एरवी जाहिरात लागताच चॅनल बदलणारी आमची मंडळी तीन तास जागची हलली नाहीत. मधेच बहिणीने विचारलं, "या वेळी बाबा कुठे असतील गं?"

आई पाटीकडे बघत म्हणाली, "साकीनाक्याला. टॅक्सीवाल्याशी भांडत."