विळ्याच्या आकाराची पेशी आणि आपल्या मुली

भगिनींनो, सिकलसेल हे नाव आपल्या विदर्भाला नवे नाही. सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबडी पेशी एरवी गोल व मऊ असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि अंग ठणकू लागते. या रोगाचा इतिहास मी जमेल तसा वाचून काढला. रक्ताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण हा आजार असलेल्या मुलीला पाळीविषयी, बाळंतपणाविषयी कोणी सांगावयाचे, हा प्रश्न मात्र फार उशिरा निघाला.

१९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी ग्रेनेडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील या वाकड्या पेशींचे वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे. विजेच्या प्रवाहाने निरोगी व सदोष हिमोग्लोबिन निराळे करण्याची त्यांची रीत. आपल्याकडची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी ती हीच. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला आणि १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील लोकांविषयी लिहिले. म्हणजे आपल्या सासवांच्या लहानपणीच हे ज्ञान कागदावर आले होते. चुलीपाशी ते आले नाही.

बायकांच्या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले ते गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी. दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात अवघ्या ८! हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्याच जिल्ह्यात सिकलसेल आहे, आणि त्याच जिल्ह्यात कुर्माघराची चालही. पाळीच्या दिवसांत बाईने निराळ्या झोपडीत राहावयाचे. थंडी, ओल, पाणी कमी पिणे यांनीच तर सिकलसेलच्या कळा उठतात! आपल्याकडे कुर्माघर नाही म्हणून आपण मोठे शहाणे असे मुळीच नाही. पाळीत पहाटे गार पाण्याने डोक्यावरून न्हायला लावणारी घरे याच गल्लीत आहेत.

माझ्या जाऊबाईंच्या मुलीला हा आजार आहे. सोळावे सरत आले तरी तिला नहाण आले नव्हते. बायकांनी नको नको ते तर्क केले. या आजारात पाळी वर्ष-दोन वर्षे उशिरा येऊ शकते, एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले असते तर पोरीने तो काळ मान खाली घालून काढला नसता. काही मुलींच्या कळा पाळीच्या सुमारास वाढतात. ते नाटक नव्हे.

लग्नाचेही तसेच. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल आजारी होण्याचा संभव चारात एक. पण आजारी मुलीचा नवरा पूर्ण निर्दोष असेल तर तिची मुले वाहक होतील, आजारी नाही. हे ऐकून जाऊबाई रडल्याच. अशा मुलीला दिवस राहू शकतात. मात्र जोखीम असते, म्हणून बाळंतपण इस्पितळातच व्हावे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. पाळणा लांबविण्याच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांतील काहींनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते.

२०१४ साली सरकारने किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची मोहीम. आमच्या वस्तीत मी पाहते, पाळीचा तक्ता एका भिंतीवर आणि सिकलसेलचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र वाचून दाखविणारे माणूस हवे.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नर्सबाईंना बोलवावे असे मी मंडळात सुचविले आहे. मुलींना सोबत आणावे. तपासणीला मुलगेही आणावेत. त्यांचेही रक्त आहेच.