देवदारी म्हणून आलेला चीड

माझं पहिलं पुस्तकांचं कपाट खोक्याच्या फळ्यांचं होतं. बाजारात त्या फळ्यांना सगळे ‘देवदारी’ म्हणत. मोहल्ल्यातल्या सुतारचाचांनी मात्र करवत माझ्या नाकापुढे धरली. ‘देवदाराला गोडसर वास असतो बेटा. हा टर्पेंटाइनचा. हा चीड आहे.’

हा पाईन हलका, स्वस्त. खिळा सहज घेतो, रंध्याखाली भराभर उतरतो, गाठ येईपर्यंत. गाठीवर रंधा उडतो. चिकाने करवत अडते, मग पात्याला रॉकेलचा बोळा फिरवायचा. जमिनीला टेकला की वाळवी लागलीच म्हणा. माझ्या कपाटातून पहिल्या उन्हाळ्यात चीक पाझरला आणि एका काव्यसंग्रहाचं मुखपृष्ठ फळीला चिकटलं. कविता सुटल्या, मुखपृष्ठ नाही.

हा चीड येतो हिमालयाच्या खालच्या उतारांवरून. रेल्वे आली तेव्हा स्लीपरसाठी साल आणि देवदार तोडले गेले. चिडाला कोणी विचारीना, कारण रुळाखाली तो काही वर्षांतच कुजायचा. पुढे दोन गोष्टी घडल्या. क्रिओसोट मुरवलं तर चिडाचा स्लीपर टिकतो, हे ध्यानात आलं. आणि खोडाला खाच पाडून काढलेल्या चिकापासून, पहाडी लोक ज्याला लीसा म्हणतात त्यापासून, टर्पेंटाइन आणि राळ मिळवण्याचा धंदा जमला. सारंगीच्या गजाला लावतात ती हीच राळ. कालचं बिनकामाचं झाड सरकारी तिजोरीचं झालं.

कुमाऊंत १९११ ते १९१७ या काळात मोठाली जंगलं राखीव झाली. चराई, पालातोड यांवर निर्बंध आले. चिडाखाली वाळलेल्या सुयांचा, पिरूलचा, जाड थर साचतो. कोवळं गवत यावं म्हणून गावकरी तो दरवर्षी जाळत. त्यालाही बंदी झाली. गाईगुरांवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

जानेवारी १९२१ मध्ये, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या वह्या सरयू नदीत सोडल्या. त्याच उन्हाळ्यात जंगलं पेटली. मला थक्क करते ती आगीची निवड. जळाला तो मुख्यतः सरकारचा चीड, लिशाच्या खाचांसकट. चारा, जळण देणारी आणि झरे राखणारी बांजची जंगलं बहुतांशी वाचली. झाड तेच पहाडातलं, पण ते कोणाचं झालंय हे लोकांना नेमकं ठाऊक होतं.

सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बऱ्याच जंगलांवरचे निर्बंध सैल झाले आणि १९३१ पासून गावांच्या वनपंचायती उभ्या राहिल्या. चीड मात्र सरकारने आपल्याकडेच ठेवला. खोक्यांच्या फळ्या होऊन तो आमच्या बाजारात उतरला, देवदाराच्या नावाने.